खंडणी, भीती आणि 'कारण' सिद्ध करण्याचं ओझं

(विद्यार्थ्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



आजचा विषय ऐकायला लांबचा आहे. एल साल्वादोर, होंडुरास, ग्वाटेमाला या मध्य अमेरिकेतल्या देशांतून माणसं पळून मेक्सिकोत, अमेरिकेत, कॅनडात जातात. तिथल्या अधिकाऱ्यापुढे बसून सांगतात, "टोळीने आमच्याकडे खंडणी मागितली. दिली नाहीत तर पोराला मारू म्हणाले. आम्हाला परत पाठवू नका." त्यावर अनेकदा मिळणारं उत्तर साधारण असं असतं: "तुमच्यावर वाईट वेळ आली हे आम्हाला मान्य आहे. तुम्ही खोटं बोलताय असंही आम्ही म्हणत नाही. पण त्यांना तुमचा पैसा हवा होता. हा गुन्हा झाला, छळ नव्हे. त्यामुळे तुम्ही निर्वासित ठरत नाही."

हे उत्तर मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ते ओळखीचं वाटलं. आपल्याकडे ते वेगळ्या शब्दांत येतं. "जमिनीचा वाद होता, जातीचा संबंध नाही." "पैशाच्या देवघेवीवरून भांडण झालं." "जुनं वैर होतं." मारहाण झाली हे मान्य, खून झाला हेही मान्य. पण तो 'कशामुळे' झाला या एका प्रश्नावर सगळा खटला फिरतो, आणि ते 'कशामुळे' सिद्ध करण्याचं ओझं ज्याने मार खाल्ला त्याच्याच डोक्यावर येतं.

आज मी बहुतांश वेळ मध्य अमेरिकेबद्दलच बोलणार आहे, कारण तो विषय त्याच्या जागी समजून घ्यायला हवा. शेवटी आपल्याकडे येईन.

आधी ही खंडणी चालते कशी ते पाहू. एल साल्वादोर हा सुमारे २१ हजार चौरस किलोमीटरचा देश आहे. महाराष्ट्राच्या साधारण पंधराव्या हिश्श्याएवढा. तिथे १९८० ते १९९२ यादवी युद्ध झालं. सुमारे ७५ हजार माणसं मेली. अमेरिकेने त्या काळात तिथल्या सरकारला पैसा आणि शस्त्रं पुरवली. युद्धातून पळालेली हजारो कुटुंबं लॉस एंजेलिसच्या गरीब वस्त्यांत जाऊन राहिली. तिथे आधीपासून टोळ्या होत्या. मेक्सिकन वंशाच्या पोरांची 'बार्रिओ १८' ही त्यातली एक. साल्वादोरच्या पोरांनी स्वतःची टोळी केली, तीच पुढे 'मारा साल्वात्रुचा' किंवा 'एमएस-१३' म्हणून ओळखली गेली. युद्ध संपल्यावर, आणि विशेषतः १९९६ मध्ये अमेरिकेने स्थलांतराचे कायदे कडक केल्यावर, तुरुंगात गेलेल्या या तरुणांना विमानात बसवून परत पाठवलं गेलं. अनेकांनी तो देश लहानपणी सोडलेला होता. ज्या देशात त्यांना उतरवलं तिथे काम नव्हतं, पोलीस नवे होते, शासन मोडकळीला आलेलं होतं. टोळ्यांनी वस्त्या वाटून घेतल्या.

वस्ती हातात आली की उत्पन्न सुरू होतं. साल्वादोरमध्ये त्याला 'रेंता' म्हणतात. बसमालकाने प्रत्येक बसमागे द्यायचं. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाने द्यायचं. तोर्तिया भाजून विकणाऱ्या बाईने द्यायचं. परदेशातून मुलगा पैसे पाठवतो असं कळलं की त्या घरानेही द्यायचं. बऱ्याचदा फोन तुरुंगाच्या आतून येतो. मोठ्या कंपन्यांकडेही मागणी जाते, पण त्यांच्याकडे पहारेकरी असतात, वकील असतात, वरपर्यंत ओळख असते. कोपऱ्यावरच्या बाईकडे यातलं काहीच नसतं. २०१५ च्या जुलैमध्ये टोळ्यांनी सान साल्वादोर आणि आसपासच्या बसगाड्या बंद ठेवण्याचं फर्मान काढलं. ज्यांनी गाड्या बाहेर काढल्या त्यांच्यातले चालक मारले गेले. अनेक दिवस राजधानीतली माणसं ट्रकच्या मागे उभी राहून कामावर जात होती.

आता शब्दांकडे बघा. 'रेंता' म्हणजे भाडं. होंडुरासमध्ये याच वसुलीला 'इम्पुएस्तो दे गेर्रा' म्हणतात, म्हणजे युद्धकर. मेक्सिकोत 'कोब्रो दे पिसो', म्हणजे तुम्ही उभे आहात त्या जागेची वसुली. कोलंबिया आणि इक्वादोरमध्ये 'वाकुना', म्हणजे लस: टोचून घ्या, म्हणजे आजार होणार नाही. भाडं, कर, जागेची वसुली हे मालकाचे आणि सरकारचे शब्द आहेत. आपल्या 'खंडणी'चंही तसंच आहे. आज तो फौजदारी कायद्यातल्या गुन्ह्याचा शब्द असला तरी इतिहासाच्या पुस्तकांत राजे आणि सरदार खंडणी वसूल करताना दिसतात. वसूल करणारा कोण आणि त्याच्यावर कुणाची सत्ता आहे, एवढ्यावरून त्याच व्यवहाराला कधी कर म्हणतात, कधी गुन्हा. पुढे हा मुद्दा कामाला येणार आहे.

आता कायदा. निर्वासितांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार १९५१ चा. त्याची व्याप्ती वाढवणारा पूरक करार १९६७ चा. भारताने या दोन्हींवर सही केलेली नाही. या करारानुसार निर्वासित म्हणजे असा माणूस, ज्याला पाचपैकी एका कारणामुळे छळ होण्याची सकारण भीती आहे, जो आपल्या देशाबाहेर आहे आणि ज्याला त्या देशाचं संरक्षण मिळू शकत नाही. पाच कारणं अशी: वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गटाचं सदस्यत्व आणि राजकीय मत. यात 'जात' हा शब्द नाही. जातीमुळे झालेला छळ सांगायचा तर बहुधा 'विशिष्ट सामाजिक गट' याच दारातून आत जावं लागतं. खंडणीला कंटाळून पळालेली माणसंही बहुतेक याच दारावर येतात.

हे दार किती रुंद, ते अमेरिकेत १९८५ मध्ये एका टॅक्सीचालकाच्या प्रकरणात ठरलं. 'अकोस्टा प्रकरण' म्हणून ते कायद्याच्या प्रत्येक पुस्तकात असतं. सान साल्वादोरमधल्या चालकांनी टॅक्सींची एक सहकारी संस्था काढली होती आणि हा त्याच्या संस्थापकांपैकी एक. त्या वेळी टोळ्या नव्हत्या, गनिमी गट होते. टॅक्सी बंद ठेवून शहर ठप्प करा असा त्यांचा दबाव होता. संस्थेने ऐकलं नाही. चालक मारले गेले, याला चिठ्ठ्या आल्या, मारहाण झाली. तो पळाला. अपील मंडळाने म्हटलं की सामाजिक गट म्हणजे ज्यांचं समान लक्षण बदलता येत नाही, किंवा बदलायला लावणं अन्यायाचं ठरेल, असे लोक: लिंग, रंग, नातं, काही वेळा भूतकाळातला समान अनुभव. ही व्याख्या चांगली आहे. पुढे अनेक देशांनी ती उचलली आणि स्त्रियांना, समलिंगी माणसांना तिचा उपयोग झाला. पण त्या चालकाला झाला नाही. मंडळाचं म्हणणं पडलं की टॅक्सी चालवणं हा धंदा आहे आणि धंदा बदलता येतो. धंदा बदलला असता किंवा बंदमध्ये सामील झाला असता तर धोका टळला असता. आवडीच्या कामाचा हक्क निर्वासित कायदा देत नाही.

इथे थोडं थांबूया. 'धंदा बदलता येतो' हे आपल्यासमोर कुणी म्हटलं तर आपण काय म्हणू? बाबासाहेबांनी १९३६ च्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये जन्म आणि धंदा यांची गाठ समाज कशी बांधून ठेवतो ते दाखवलं. गटारात उतरणाऱ्या माणसाला 'उद्यापासून दुसरं काम कर' असं सांगणाऱ्याला त्या कामाचा इतिहास माहीत नसतो. साल्वादोरच्या चालकाची स्थिती जातीसारखी होती असं मी म्हणत नाही, तशी ती नव्हती. माझा मुद्दा एवढाच की एखादी गोष्ट बदलता येते का, हे कागदावर ठरवायचं नसतं. ज्याच्याकडे एक टॅक्सी आहे, तिच्यावर कर्ज आहे आणि घरी पाच तोंडं आहेत, त्याच्या जागी उभं राहून ते ठरवावं लागतं.

पुढचं प्रकरण २००७ चं. ग्वाटेमालातलं एक सुखवस्तू जोडपं. त्यांना धमक्या आल्या होत्या. त्यांनी सांगितलं, आम्ही श्रीमंत म्हणून आम्हाला गाठलं. अपील मंडळाने म्हटलं, श्रीमंती कायमची नसते, 'श्रीमंत' हा गट नेमका कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हे सांगता येत नाही, आणि ग्वाटेमालात गुन्हेगारीचा त्रास सगळ्याच थरांना आहे. म्हणजे श्रीमंताला सांगितलं, गरिबांनाही त्रास आहे. गरीब आला तर त्याला सांगतात, त्यांना तुझी गरिबी नको होती, पैसा हवा होता.

२०१४ मध्ये त्याच मंडळाने गटासाठी तीन कसोट्या पक्क्या केल्या. लक्षण न बदलणारं हवं. गटाची हद्द नेमकी हवी. आणि त्या समाजाने त्या गटाला वेगळा गट म्हणून ओळखायला हवं. शिवाय ज्या छळापासून पळालात त्याच छळावरून गट ठरवता येत नाही, म्हणून 'खंडणीला बळी पडलेले' असा गट चालत नाही. आता हे सगळं एकत्र ठेवून बघा. गट मोठा सांगितला तर हद्द नेमकी नाही. लहान सांगितला तर समाज त्याला ओळखत नाही. खरं काय घडलं तेच सांगितलं तर गोल फिरलात. आणि हा गट शब्दांत मांडून दाखवायची जबाबदारी अर्जदाराची. अमेरिकेतल्या स्थलांतर न्यायालयात सरकारी खर्चाने वकील मिळत नाही. सहावी शिकलेल्या, तोर्तिया विकणाऱ्या बाईने आपला 'विशिष्ट सामाजिक गट' नेमक्या शब्दांत सांगावा, अशी ही अपेक्षा आहे.

गट मान्य झाला तरी पुढे आणखी एक पायरी राहते. २००५ च्या कायद्याने अमेरिकेत अट घातली की त्या पाचपैकी एखादं कारण छळामागचं 'किमान एक मध्यवर्ती कारण' असलं पाहिजे. म्हणजे कारणं एकापेक्षा जास्त असू शकतात, हे कायद्यातच मान्य आहे. प्रत्यक्षात मात्र पैशाचं नाव निघालं की बाकीची कारणं शोधणं थांबतं.

कॅनडाचा रस्ता थोडा वेगळा आहे. तिथे २००१ च्या कायद्याच्या ९७ व्या कलमात आणखी एक दार आहे. पाच कारणांपैकी एकही नसलं तरी जिवाला धोका असेल तर संरक्षण मिळू शकतं. ऐकायला उदार वाटतं. पण अट अशी की तो धोका त्या देशातल्या इतर लोकांना सर्वसाधारणपणे असता कामा नये. २००९ मध्ये हैतीच्या एका व्यापाऱ्याचं प्रकरण फेडरल अपील न्यायालयापर्यंत गेलं. व्यापारी म्हणून त्याला खंडणीची आणि अपहरणाची भीती होती. तो हरला: हैतीत हा धोका सर्वसाधारण आहे. या तर्काने चाललं तर देश जितका जास्त बिघडलेला, तितकं तिथून पळालेल्याला संरक्षण मिळणं अवघड. २०१२ मध्ये कॅनडाच्या फेडरल न्यायालयाने साल्वादोरच्या एका तरुणाच्या प्रकरणात यावर बोट ठेवलं. टोळीने एका माणसाला नावानिशी मारायचं ठरवलं आहे हे मान्य करायचं आणि पुढच्याच ओळीत हा धोका सगळ्यांनाच आहे म्हणायचं, हे एकमेकांशी जुळत नाही, असं न्यायाधीशांनी लिहिलं. गावात सगळ्यांना डास चावतात म्हणून मलेरियाने तापलेल्या माणसाला औषध नाकारता येत नाही. पण त्या निकालानंतरही तिथल्या न्यायालयांत या प्रश्नावर दोन्ही बाजूंचे निकाल येत राहिले.

मग दुसरा मार्ग कोणता? संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाने २०१० मध्ये टोळ्यांच्या बळींबद्दल एक मार्गदर्शक टिपण काढलं. त्यातला विचार असा: जिथे टोळीच वस्तीवर राज्य करते, कोण येणार कोण जाणार ते ठरवते, वसुली करते, शिक्षा देते, तिथे टोळीला 'नाही' म्हणणं हे राजकीय मत ठरू शकतं. मघाचा शब्दांचा मुद्दा इथे कामाला येतो. ते जर त्याला युद्धकर म्हणत असतील, तर तो न भरणारा त्यांच्या दृष्टीने बंडखोर असतो. त्याला मारतात ते बाकीच्यांनी पाहावं म्हणून. दोन महिन्यांच्या थकलेल्या पैशासाठी कुणी गोळी वाया घालवत नाही, मेलेला माणूस पैसे देत नाही. गोळी घालतात ती सत्तेसाठी.

२०१९ मध्ये अमेरिकेच्या चौथ्या सर्किटच्या अपील न्यायालयापुढे होंडुरासच्या एका बाईचं प्रकरण आलं. बार्रिओ १८ ने तिच्याकडे दरमहा पैसे मागितले होते आणि ती मुलीला घेऊन पळाली होती. लग्न न झालेली आई, घरात पुरुष नाही. खालच्यांनी नेहमीसारखं म्हटलं होतं, पैशासाठी झालं. अपील न्यायालयाने म्हटलं, एवढ्यावर थांबता येणार नाही. टोळीने हिलाच का निवडलं ते बघा. नवरा नसलेल्या बाया टोळीला सोप्या सावज वाटतात का ते बघा. तिने पैसे दिले नाहीत, पळाली, यात टोळीने स्वतःविरुद्धचं मत पाहिलं का तेही बघा. प्रकरण फेरविचारासाठी परत पाठवलं गेलं.

माझ्या मते सगळा विषय या निकालातल्या एका प्रश्नावर उभा आहे. 'त्यांना काय हवं होतं?' असं विचारलं तर उत्तर नेहमी 'पैसा' असंच येणार, कारण खंडणीची व्याख्याच ती आहे. 'त्यांनी हिलाच का गाठलं, आणि त्यांना हे करायला कुणाचीच भीती का वाटली नाही?' असं विचारलं तर दुसरंच चित्र दिसतं. मग नवरा नसलेली बाई दिसते, पोलिसांत वट नसलेला दुकानदार दिसतो, आदिवासी भाषा बोलणारा ग्वाटेमालातला शेतकरी दिसतो. पैसा हा हेतू असतो, पण कुणाकडून तो निर्धोकपणे काढता येईल हे समाजाच्या उतरंडीवरून ठरतं. हेतू आणि निवड या दोन गोष्टी आहेत. कायदा पहिलीवरच थांबला की दुसरी दिसेनाशी होते.

यावर एक आक्षेप आहे आणि तो हलका नाही. कुणी म्हणेल, मग जगातला प्रत्येक लुटला गेलेला माणूस निर्वासित म्हणायचा का? नाही. १९५१ चा करार सगळ्या दुःखावरचा इलाज म्हणून लिहिलेला नव्हता. वंश, धर्म, मत यांमुळे ज्यांना आपल्याच देशाने टाकलं किंवा वाचवलं नाही, त्यांच्यासाठी तो होता. ती पाच कारणं पुसली तर तोही पातळ होईल, आणि जातीमुळे, धर्मामुळे पळणाऱ्यांचंच त्यात नुकसान आहे. म्हणून 'कारण' विचारूच नका असं मी म्हणत नाही. कारण नीट विचारा, असं म्हणते. आणि जिथे खरोखर त्या पाचपैकी काहीच नाही, पण परत पाठवलं तर मरण आहे, तिथे वेगळी तरतूद हवी. लॅटिन अमेरिकेने ती विचारात घेतली आहे. १९८४ च्या कार्ताहेना जाहीरनाम्याने सर्वव्यापी हिंसा, मानवी हक्कांचं मोठ्या प्रमाणावर उल्लंघन, सार्वजनिक व्यवस्था कोसळणं यांतून पळणाऱ्यांनाही निर्वासित मानलं. मेक्सिकोने २०११ च्या कायद्यात ती व्यापक व्याख्या घेतली. 'सगळ्यांनाच धोका आहे' हे वाक्य कॅनडात नाकारण्याचं कारण ठरलं, आणि कार्ताहेनाच्या व्याख्येत तेच स्वीकारण्याचं कारण ठरू शकतं.

आणखी दोन प्रश्न अर्जदाराला हमखास विचारतात. पहिला: देशातल्या देशात दुसरीकडे का गेला नाहीत? साल्वादोरसारख्या छोट्या देशात टोळी काही तासांत पोहोचते. ओळखपत्रावर पत्ता असतो, आणि एका टोळीच्या वस्तीतला पत्ता घेऊन दुसऱ्या टोळीच्या वस्तीत गेलेला तरुण त्या पत्त्यामुळेच मारला जाऊ शकतो. भारतातून गेलेल्यांनाही कॅनडात हाच प्रश्न येतो, 'मुंबईला, दिल्लीला का गेला नाहीत?' आपला देश मोठा आहे, त्यामुळे प्रश्न वाजवी वाटतो. पण दुसऱ्या राज्यात गेल्यावर काय होतं ते आपल्याला माहीत आहे. १९९० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की एका राज्यातला अनुसूचित जातीचा माणूस दुसऱ्या राज्यात गेला तर तिथल्या आरक्षणाचा लाभ त्याला आपोआप मिळत नाही. जात बरोबर जाते, तिच्याविरुद्धचं संरक्षण मागे राहतं. या व्यासपीठाचे मराठी वाचक सुरतेत, भिलाईत, हैदराबादेत, दिल्लीत आहेत. त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही.

दुसरा प्रश्न: पोलिसांकडे का गेला नाहीत? साल्वादोरमध्ये या प्रश्नाला अलीकडे वेगळं वळण लागलं आहे. २०२२ च्या मार्चमध्ये एका शनिवार-रविवारच्या सुमारास टोळ्यांनी ८७ माणसं मारली. अध्यक्ष बुकेले यांनी आणीबाणी लावली आणि ती पुन्हा पुन्हा वाढवली. ८० हजारांहून जास्त लोक आत गेले. खून आणि खंडणी खूप कमी झाली, हे खरं आहे आणि तिथल्या सामान्य माणसाला त्याचा दिलासाही आहे. पण गरीब वस्तीत राहतो, अंगावर गोंदलंय, कुणीतरी निनावी फोन केला, एवढ्यावरही पोरं उचलली गेली, आणि आरोप सिद्ध न होता आत राहिली. म्हणजे कालपर्यंत ज्या वस्तीला टोळीची भीती होती, तिथल्या तरुणाला आता पोलिसांचीही आहे. वस्ती आणि रूप बघून गुन्हेगार ठरवण्याचा हा प्रकार आपल्याकडच्या पारध्यांना विचारा. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण चोरी झाली की पोलिसांची गाडी आधी कुठल्या पालावर जाते, ते त्यांना माहीत आहे.

आता आपल्याकडे येते. अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा. त्याच्या कलम ३(२)(५) मध्ये मूळ शब्द असे होते की गंभीर गुन्हा पीडित व्यक्ती अनुसूचित जाती-जमातीची आहे 'या कारणावरून' झालेला असावा. हीच ती पायरी, मघाशी अमेरिकेच्या कायद्यात पाहिलेली. २९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातली चार माणसं मारली गेली. भंडाऱ्याच्या सत्र न्यायालयाने २००८ मध्ये आरोपींना खुनासाठी दोषी धरलं, पण हा कायदा लागू केला नाही. २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानेही तेच कायम ठेवलं. सूडातून झालं, जातीतून नाही. इथेही तोच प्रश्न राहतो. सूड असेल, जमिनीचा वाद असेल. पण गावातल्या वरच्या जातीच्या कुटुंबाशी जमिनीचा वाद असता तर असा शेवट झाला असता का?

आंबेडकरी चळवळीने आणि दलित संघटनांनी या शब्दाविरुद्ध लढा दिला. २०१५ ची दुरुस्ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाली आणि 'या कारणावरून' ऐवजी पीडित त्या जाती-जमातीची आहे 'हे माहीत असताना' असे शब्द आले. गुन्हेगाराच्या मनात काय होतं हे पीडिताने खणून काढायचं ओझं थोडं हललं. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जुन्या शब्दांचा अर्थ लावतानाही म्हटलं की जात हे एकमेव कारण असण्याची गरज नाही, अनेक कारणांपैकी एक असलं तरी चालेल. पुरावा पुरेसा नाही म्हणून त्या प्रकरणात ते कलम टिकलं नाही, हेही सांगायला हवं. तत्त्व हाती आलं तरी पुरावा कुणी, कधी, कसा गोळा केला यावर निकाल ठरतो.

म्हणून शेवटचा मुद्दा कामाचा आहे. इथे बसलेल्यांपैकी बरेच जण घरातले पहिले पदवीधर आहेत. घरचे अर्ज आपणच भरले, तहसीलला आणि बँकेत काय बोलायचं ते आपणच सांगितलं. आपण आधीपासून दुभाषे आहोत. उद्या कुणी वकील होईल, कुणी पत्रकार, कुणी संशोधक, कुणी परदेशात जाऊन अशा कार्यालयात भाषांतराचं काम करील. तिथे 'रेंता'चं भाषांतर नुसतं 'भाडं' केलं, तर ऐकणाऱ्या अधिकाऱ्याला घरमालकाशी भाडेकरूचं भांडण ऐकू येईल. आपल्याकडे जबानीत 'पैशावरून झालं' एवढं एक वाक्य गेलं, की पुढे दहा वर्षं ते वाक्य बाजूला सरकत नाही.

माणूस स्वतःहून 'मी विशिष्ट सामाजिक गटाचा सदस्य आहे' असं म्हणत नाही. तो म्हणतो, 'पैसे मागितले'. कारण त्याच्या डोळ्यांसमोर तेच घडलं. पुढचं आपण विचारायचं असतं. मागायला आले तेव्हा काय शब्द वापरले, जसेच्या तसे? त्याच गल्लीत आणखी कुणाकडे मागितले आणि कुणाकडे नाही? ज्याच्याकडे मागितले नाहीत त्याचं काय वेगळं आहे? नाही म्हटल्यावर काय झालं, फक्त रक्कम वाढली की शिक्षा झाली? शिक्षा सगळ्यांना दिसेल अशी केली का? तक्रार केली तर पोलिसांनी काय लिहून घेतलं, आणि काय लिहून घेतलं नाही? तारखा कोणत्या? हे प्रश्न खंडणीच्या प्रकरणात लागतात, अत्याचाराच्या जबानीत लागतात आणि संशोधनाच्या मुलाखतीतही लागतात.

यातून प्रत्येक अर्ज मंजूर होणार नाही. पण 'फक्त पैशासाठी' हे दोन शब्द न तपासता फायलीत जाणार नाहीत, एवढं आपण नक्की करू शकतो.

जय भीम.